गंगूच्या पुढ्यात विळी

मैत्रिणींनो, उचगावहून बैलगाडीनं आत्ताच परत आले. आमच्या वेड्यांच्या इस्पितळातून गंगू बरी होऊन दिवाळीत घरी गेली, पण घरच्यांची भीती जाईना. सासूनं विळी माळ्यावर लपवलेली. भाजीसुद्धा शेजारीण चिरून द्यायची. मागल्या खेपेला मी त्यावरून लई भांडले होते.

आज मी ओसरीवर टेकले, तर सासूनं स्वतः विळी आणून गंगूपुढं ठेवली. "वांगी चिर गं. नर्सबाई जेवूनच जातील."

गंगू चिरत बसली. तिचं लेकरू शेजारीच रांगत होतं. कुणी त्याला उचलून नेलं न्हाय.

मी एक भाकरी जास्तच खाल्ली.

आता सांगा, गंगू बरी कधी झाली म्हणायची? इस्पितळातून सुटली तेव्हा, का आज?