उद्याचं पान

आक्कांना न कळलेल्या गोष्टीला मान डोलावता येत नसे. तुम्हाआम्हाला हे सहज जमतं. डॉक्टर काहीतरी बोलतात, आपण "हो हो" म्हणतो आणि बाहेर येऊन बरोबरच्याला विचारतो, "काय म्हणाले रे?" आक्का तिथंच, समोरच्याच्या तोंडावर म्हणायच्या, "परत सांगा." एकदा, दोनदा, वेळ पडली तर पाचदा. आवाज चढा नसायचा, पण समोरचा घामाघूम व्हायचा. बारामतीच्या कोर्टातले पट्टेवाले त्यांना पाठीमागं 'परतसांगा आक्का' म्हणत. आक्कांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी भिगवण रस्त्याला एका सायकलच्या दुकानावर कंप्युटर क्लास काढला होता. तीन मशीन, एक पंखा आणि दारात 'चपला बाहेर काढा' अशी पाटी. त्या पाटीपाशी एके दुपारी पन्नाशीच्या एक बाई उभ्या राहिल्या. नऊवारी, कपाळ मोकळं, काखेत पिशवी. पाटी त्यांनी अक्षर लावून वाचली आणि विचारलं, "आत द्येव हाय का?" मी म्हटलं, धूळ चालत नाही मशीनला. "मग झाडून घ्या की," म्हणाल्या, पण चपला काढल्या. आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "मास्तर, कंप्युटरमदलं पुसल्यालं परत येतं का?"

मला वाटलं, कुणाचा तरी निकाल बिकाल हरवला असेल. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ सदा एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होता. ऊस घेऊन येणाऱ्या प्रत्येक वाहनाची नोंद तो कंप्युटरवर करायचा. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी संध्याकाळी काट्यावरून घरी येताना कालव्याच्या कडेला कुणीतरी त्याच्या डोक्यात घाव घातला. पकडला गेला तो गावातलाच ट्रॅक्टरवाला, दत्तू. वाहनांच्या रांगेतल्या नंबरावरून त्याचं सदाशी वाजलं होतं आणि "तुला बघून घेतो" हे त्याचं बोलणं शंभर माणसांनी ऐकलं होतं. दत्तूचं म्हणणं, गुरुवारी मी कारखान्यावर आलोच नाही, कऱ्हाटीला सासुरवाडीला होतो. आलो होतो तो बुधवारी. त्या दिवसांची काट्यावरची फाइल मात्र पुसलेली निघाली. दुसऱ्या कारकुनानं जागा करायला पुसली म्हणे. ती सरकारी तज्ज्ञांनी परत काढली होती आणि तीत गुरुवारच्या तारखेला, संध्याकाळी सहाच्या सुमारास, दत्तूचा ट्रॅक्टर होता.

"त्येला फासावर चडल्याला बगितल्याबिगर मी मरत न्हाय," आक्का म्हणाल्या. "पर फुडं कोर्टात त्यो तज्ञ काय बोलला त्ये मला कळाय पायजे. समदी माना हलिवत्यात. मी इचारलं वकिलास्नी, पुसल्यालं कसं येतं? तर म्हनत्यात, येतं बाई. आसं कसं येतं?"

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा आणि फार हुशार होतो. डिस्क, सेक्टर, तक्ता असं अर्धा तास बोललो. आक्का म्हणाल्या, "परत सांगा." मी परत सांगितलं. "परत सांगा." तिसऱ्या खेपेला मला शोध लागला की या विषयातलं मलाच फारसं कळत नाही. मग बोलणं सोडून मी त्यांच्यासमोर एक फाइल तयार केली, तिला सदाचं नाव दिलं, त्यांनी सांगितलेली एक ओळ तीत लिहिली आणि पुसून टाकली. मग परत काढायचा हुकूम दिला. पडद्यावर नाव आलं, पण पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, "पुसताना एवढं एकच अक्षर जातं, ते आपण सांगायचं." आक्का पडद्याकडं बघत राहिल्या. "सदातला स," म्हणाल्या. मी अक्षर दाबलं आणि ओळ जशीच्या तशी परत आली.

आक्का पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवून बोलल्या. "म्हंजी सातबाऱ्यावरचं नाव खोडलं. रान तितंच हाय. दुसरा कुनी त्यात नांगर घालीपातूर." पुढं वीस वर्षं मी हजारो पोरांना हा धडा शिकवला, तो या वाक्यावर. पुस्तकात याहून सोपं कुठं सापडलं नाही मला.

सदा हा आक्कांना भाऊ कमी आणि मुलगा जास्त होता. त्यांची वस्ती शेळगावच्या बाजूला. आईबाप मेंढरांमागं आठ-आठ महिने बाहेर. आक्कांचं लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, त्या माहेरी आल्या त्या सदाला वाढवायलाच. सदाचं बोलणं निघालं की त्या त्याच्या खोड्याच सांगायच्या, गुण कधी नाही. माझ्या क्लासात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं आणि मी आळशी, दोन-दोन दिवस पान तसंच. आक्का आल्या की आधी ती पानं फाडायच्या. "तुमी मागं ऱ्हाताय मास्तर. आमचा सदा उलटा. दिवस मावळला का उद्याचं पान वर! ल्हानपनापासनं. मी वरडायची, आरं, आज संपू तर दे."

तज्ज्ञांच्या साक्षीला त्या मला ओढत घेऊन गेल्या. क्लास बुडतो म्हटलं, तर म्हणाल्या, "पोरास्नी बी आना." मुंबईहून आलेले ते गृहस्थ सडपातळ, सर्दी झालेले. इंग्रजी शब्दांची माळ लागली आणि कोर्टात सगळ्यांच्या माना डोलायला लागल्या, माझीही. मागच्या बाकावरून आवाज आला, "परत सांगा." पट्टेवाला धावला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं, बाईंना गप्प बसायला सांगितलं आणि मग तज्ज्ञांना म्हणाले, "जरा सोपं करून सांगा. मलाही बरं पडेल." नावाचं पहिलं अक्षर तुम्ही स्वतः घातलंत का, असा आरोपीच्या वकिलांनी मोठा बॉम्ब टाकला तेव्हा सगळं कोर्ट चमकलं. आक्का तेवढ्या शांत होत्या. त्यांना ते माहीत होतं.

उलटतपासणीत शेवटी खरा प्रश्न आला. "या तारखा मशीनच्या घड्याळाप्रमाणे आहेत. ते घड्याळ बरोबर होतं का?" तज्ज्ञ नाक पुसून म्हणाले, "आमच्याकडे मशीन आलं तेव्हा घड्याळ बंद होतं. मी सांगू शकत नाही." सरकारी वकिलांचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर गावातली माणसं तज्ज्ञांना शिव्या घालत होती. आक्का एस.टी. स्टँडकडं चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "समद्या कोर्टात ह्यो एकच मानूस म्हनला, मला ठावं न्हाय. त्येचं मला पटलं."

पण त्यांना झोप कशी लागणार? घड्याळ बरोबर होतं का, हे आता कुणाला तरी कळायला हवं होतं. त्यांनी वकिलांच्या कारकुनाकडून त्या यादीची नक्कल मिळवली आणि माझ्यापुढं टाकली. चार दिवसांची यादी. वेळ, वाहनाचा प्रकार, नंबर. मी वाचायचं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. ट्रॅक्टर, बैलगाडी, बैलगाडी, ट्रक, बैलगाडी. मला जांभया यायच्या. आठवडाभर रोज दुपारी हे चाललं होतं. एका दुपारी मी शुक्रवारचं वाचत होतो आणि आक्कांनी डोळे उघडले.

"बैलगाडी न्हाय वाचली तुमी."

"नाही यात."

"परत वाचा."

मी परत वाचलं. शुक्रवारच्या सबंध दिवसात नुसते ट्रॅक्टर आणि ट्रक. बुधवारी बैलगाड्या होत्या, गुरुवारी ढिगानं होत्या, शनिवारी होत्या.

"बिस्तरवारी काय व्हतं?" गुरुवारचं त्यांनी मलाच विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "आमुशा व्हती. आमुशाला गेला म्हनून समदं गाव हळहळलं. आमुशाला बैलाच्या मानंवर जू कोन ठेवतंय मास्तर? म्हनून तर त्येला काम कमी व्हतं, लवकर येतो जेवाय म्हनला व्हता." मग माझ्याकडं वळून, "मशीनीत तारीख कोन घालतं?"

"आतला सेल गेलेला असला, तर लाइट जाऊन आली की मशीन विचारतं. काट्यावरचा माणूस घालतो."

"कशावर बगून?"

आम्ही दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. लाइट संध्याकाळी गेली असणार. सदानं काट्यावरच्या कॅलेंडरचं पान आधीच फाडलेलं असणार. त्यानं उद्याची तारीख घातली आणि मशीन तेव्हापासून एक दिवस पुढं चालत राहिलं. मशीनचा शुक्रवार हाच खरा गुरुवार, अमावस्येचा. आणि मशीनच्या गुरुवारी आलेला दत्तूचा ट्रॅक्टर बुधवारी आला होता, तो सांगत होता तसाच.

आक्का रडल्या. सदा गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांत कुणीच पाणी पाहिलं नव्हतं. "त्योच हाय," एवढंच म्हणत होत्या, "माजा सदाच हाय ह्यो." मलाही रडू आलं, ते लपवायला मी पाणी आणायला उठलो.

आता माझी लाज सांगतो. पाणी देताना मी म्हणालो, "आक्का, हे कुणाला सांगू नका. दत्तू तसाही चांगला माणूस नाही." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "वंगाळ हाय म्हनून खुनी व्हतोय व्हय? फास त्येला आन् पाप माज्या सदाच्या बोटाला? न्हाय मास्तर." चपला घातल्या आणि निघून गेल्या.

आक्कांचं ऐकून सरकारी वकील म्हणाले, शुक्रवारी खुनाच्या धास्तीनं गाडीवान आले नसतील. आक्का म्हणाल्या, "आसंल. मग बिस्तरवारी, आमुशाला, ढीगभर गाड्या कुनी जुपल्या?" वकिलांनी फाइल मिटली. "बाई, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय," ते म्हणाले. "पाय माजाच हाय," असं म्हणून आक्का व्हरांड्यात उभ्या असलेल्या आरोपीच्या वकिलांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "मला साक्षीला बोलवा." त्या वकिलांनी दोनदा इकडंतिकडं पाहिलं. मयताची बहीण आरोपीकडून साक्ष देते, हे त्यांनी सबंध वकिलीत पाहिलं नसावं.

पिंजऱ्यात आक्का दहा मिनिटं बोलल्या असतील. सदाच्या कॅलेंडरचं सांगताना एकदा थांबल्या, पदर तोंडाला लावला, पुन्हा सुरू झाल्या. पंचांग मागवलं गेलं. तज्ज्ञांना पुन्हा बोलावलं. त्यांनी यादीवरून बोट फिरवत सगळी पानं तपासली आणि म्हणाले, "बाई सांगतात ते यादीशी जुळतं. हे माझ्या लक्षात आलं नसतं. मला बैल माहीत नाहीत." न्यायाधीशांनी ते वाक्य उतरवून घेताना आक्कांकडं पाहिलं. त्या वेळी आक्कांनी मान डोलावली. मी पाहिलेली ती त्यांची पहिली मान.

दत्तू सुटला. कोर्टाच्या पायरीवर पाया पडायला वाकला तर आक्कांनी पाय मागं घेतले. "तुज्यासाटी न्हाय बोलले मी. तू सदाला दिलेल्या शिव्या माज्या ध्येनात हायती." वस्तीवरच्या लोकांनी मात्र आक्कांशी बोलणं टाकलं. भावाचा खुनी हातचा सोडला म्हणे. वर्षभर लग्नकार्याला काय, साध्या ताकालाही त्यांना कुणी विचारलं नाही. आक्कांनी त्याबद्दल माझ्याजवळ एकदाही चकार शब्द काढला नाही.

त्यांचं एक मात्र सुरू झालं. महिन्यातून एकदा एस.टी.नं इंदापूरला जायचं, पोलीस ठाण्यात साहेबांच्या टेबलापुढं उभं राहायचं आणि विचारायचं, "दत्तू न्हाय, मग कोन?" साहेब सांगायचे, तपास चालू आहे. "परत सांगा." साहेब बदलले, टेबलं बदलली, कालव्याकडेची बाभळ तोडून झाली. आक्का जातच राहिल्या. मी एकदा म्हटलं, आता पुरे करा. म्हणाल्या, "रानात अजून कुनी नांगर घातल्याला न्हाय मास्तर."

शेवटची भेट त्यांच्या वस्तीवर झाली. मी मोरगावला गणपतीला गेलो होतो, तिथून मुद्दाम वाट वाकडी करून दिवस मावळल्यावर पोचलो. आक्का खूप वाळल्या होत्या, पण चहा स्वतः केला. निघताना भिंतीकडं लक्ष गेलं. मी सवयीनं म्हणालो, "आक्का, तारीख एक दिवस पुढं आहे तुमची."

"व्हय. दिवस मावळला का मीच काडते आता." मग पिशवी चाचपत म्हणाल्या, "उद्या इंदापूर हाय."

चार महिन्यांनी त्या गेल्या, पहाटे, झोपेतच. शेजारच्या माणसाचा फोन आला आणि मी सकाळीच पोचलो. खुनी आजपर्यंत सापडलेला नाही. मी अजून न कळलेल्या गोष्टीला मान डोलावत नाही. कुणाकुणाला त्याचा त्रास होतो. त्या सकाळी अंगणात माणसं बसली होती, बोलणं टाकलेलीही आली होती, आणि आत खुंटीला आक्कांची पिशवी भरून तयार होती. भिंतीवरचं पान कुणाला फाडावं लागलं नाही. तारीख बरोबर होती.