मशीन थांबलं की आमेन

मार्थाबाईंनी बेल दाबली तेव्हा मशीन सुरू होऊन दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

बुलढाण्यातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी एमआरआय टेक्निशियन आहे. एमआरआय म्हणजे एक मोठं चुंबक. पेशंटला त्याच्या अरुंद बोगद्यात सरकवायचं आणि हातात रबरी फुगा द्यायचा. तो दाबला की माझ्या खोलीत बेल वाजते. मानेचा स्कॅन असेल तर तोंडावर पिंजऱ्यासारखी कॉइलही बसते. घाबरणारे रोज दोघं-तिघं असतात. त्यांना "घाबरू नका, काही होत नाही" म्हणायची मला इतकी सवय झालीय, की ते मी कॉम्प्युटरकडे बघतच म्हणते.

मार्थाबाई जानेफळच्या, साठीतल्या. मानेतली नस दबून दोन्ही हात बधिर होत चालले होते. सर्जननी बजावलं होतं, लवकर ऑपरेशन झालं नाही तर हात जातील, आणि स्कॅन बघितल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही. दमा असल्यामुळे झोपेचं इंजेक्शन द्यायला भूलतज्ज्ञ तयार नव्हते. म्हणजे जागेपणीच आत जाणं भाग होतं. ही त्यांची दुसरी खेप. पहिल्या खेपेला तर त्या टेबलावर आडव्याही झाल्या नव्हत्या.

पाणी पिऊन त्या पुन्हा आत गेल्या. या वेळी बेल वाजली नाही. सुटले बाई, असं मी म्हणतेय तोच स्क्रीनवर सगळी चित्रं पुसट. आतला आवाज ऐकायचं बटण दाबलं, तर मशीन मध्ये थांबलं तरी यांची मोठ्यानं प्रार्थना चालूच. मानेच्या स्कॅनला गिळलेला आवंढासुद्धा नडतो, इथे तर अख्खा जबडा चालला होता.

बाहेर काढून मी तडकलेच. म्हटलं, मनातल्या मनात करा ना, देवाला ऐकू येत नाही का?

त्या चिडल्या नाहीत. "त्याले येते व बाई. मलेच येत नाही. तोंडानं म्हटलं तवाच माह्या जिवाचं भेव जाते."

माझी मलाच लाज वाटली. तेवढ्यात चित्रं वाचून रिपोर्ट देणारे आमचे डॉक्टर डोकावले.

"झालं का?"

"नाही सर. बोलतात."

"शेवटचा एक ट्राय घ्या. नाही जमलं तर कॅन्सल करा, बाहेर सहा जण बसलेत."

मार्थाबाईंचे मिस्टर योहानभाऊ दाराशी उभे होते. पंप दुरुस्तीचे मिस्त्री. सोबतच्या माणसाला आत पाय धरून उभं राहता येतं, फक्त अंगावर लोखंड नको. मी त्यांच्याकडून मोबाइल, किल्ल्या, पट्टा, खिशातला पाना, सगळं काढून घेतलं. कानात घालायला बोळे दिले आणि म्हटलं, पाय धरा आणि प्रार्थना तुम्हीच करा, त्या गप्प राहतील.

योहानभाऊंचा चेहराच उतरला. मार्थाबाई मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. त्यांनी सांगितलं, त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, घरोघरी प्रार्थना होते. एक जण मोठ्यानं मागतो, बाकीचे गप्प असतात. शेवटी सगळे आमेन म्हणतात, की ती सगळ्यांची होते. ह्यांची पाळी आली की हे काहीतरी निमित्त काढून बाहेर सटकतात. चाळीस वर्षं हेच.

"मले चार लोकाइत बोलता येत नाही, मॅडम," योहानभाऊ म्हणाले.

"आत चार लोक नाहीत. आणि मशीनच्या ठणठणाटात तुमचं तुम्हालासुद्धा ऐकू येणार नाही."

मशीन सुरू झालं. काचेतून दिसत होतं, योहानभाऊंनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. स्क्रीनवर चित्रं आली. स्वच्छ. मणका न् मणका मोजून घ्यावा अशी.

हे मशीन ठोके देत चित्रांचा एक गठ्ठा काढतं, मग जरा थांबतं. ते थांबणार आहे हे योहानभाऊंना सांगायचं मी विसरले. चूक माझीच. ते बिचारे आवाजावर आवाज चढवत गेले होते. मशीन एकदम गप्प झालं आणि त्यांचं ओरडणं तेवढं उरलं.

"बापा, मले मांगता येत नाही. आजवर माह्यासाठी बी तिनंच मांगलं. आता तिले भेव लागून राह्यलं, अन् मले आत जाता येत नाही. तू जाय. येशूच्या नावानं मांगतो."

भाऊंच्या लक्षात आलं. त्यांनी झटकन तोंडावर हात ठेवला. बोगद्यातून शांत आवाज आला, "आमेन."

मी लगेच माइकवरून म्हटलं, मार्थाबाई, असंच करू. मशीन चालू असताना भाऊ मागतील, थांबलं की तुम्ही आमेन म्हणा, मान मात्र हलवू नका.

पाच गठ्ठे झाले, पाच आमेन झाले. तिसऱ्यापासून तर मशीन थांबलं तरी भाऊ थांबेनात. सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "चित्रं क्लीन आहेत. आधीच का नाही असं केलं?" मी मार्थाबाईंना बाहेर काढायला उठले.

ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी तपासणीच्या स्कॅनला दोघं आले. मार्थाबाई पुन्हा शिवणकाम करायला लागल्या होत्या. मी विचारलं, भीती वाटते का अजून?

"लागते ना. पण मांगच्या बारीले आत मी एकटी नव्हती, हे मले ठाऊक हाये." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे आता मंडळीत प्रार्थनेले उभे राह्यले की बसतच नाहीत. लोकाइच्या घरचा चहा थंडा होते."

"घाबरू नका" म्हणणं मी आता सोडलंय. आधी विचारते, तुमची भीती कशानं जाते? बहुतेकांचं उत्तर मशीनला चालत नाही. मग ते मशीनला चालेल असं करायचं, हे आमचं काम.