कापसाच्या मापाने तपासलेली बोट

मुलगी गोव्यात बोटींच्या एका यार्डात काम करते. गेल्या हिवाळ्यात ती चार दिवसांसाठी आदिलाबादला माझ्याकडे आली, ती दोन बोटींचे कागद घेऊन. दोन्ही शिडाच्या, बत्तीस-तेहेतीस फुटी, परदेशात बनलेल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या. त्यांतली एक घेऊन तिला बोटीतच राहायचे होते, आणि एकटीने आधी किनाऱ्याने कोचीपर्यंत, मग लक्षद्वीपला जायचे होते.

"आयुष्यभर वर्तमानपत्रात दोन्ही बाजू मांडत आलात ना तुमी," ती म्हणाली. "मला एक आधीच आवडून बसली आहे. तुमी तटस्थपणे तुलना करून द्या."

मी समुद्र दोनदा पाहिला आहे, दोन्ही वेळा वाळूवरून. पोहता येत नाही. पैनगंगेच्या पुलावर बस आली की तुमी खिडकी लावून घेता, हेही तिने ऐकवले. तरी मी कागदावर मधोमध रेघ ओढली.

पहिली बोट जाड फायबरची, अरुंद. कणा तळभर लांब गेलेला, सुकाणू त्यालाच मागे टेकलेले. चाल मंद, बंदरात वळायला हट्टी, आत उभे राहिले तर डोके छताला लागते. डेक सगळा भरीव फायबरचा. दुसरी रुंद, हलकी, चपळ. कणा आखूड, सुकाणू वेगळे लोंबणारे, म्हणजे खाली काही आदळले तर पहिला फटका त्यालाच. आत उजेड, ओटा, उभे राहण्याइतकी उंची. तिचा डेक मात्र फायबरच्या दोन थरांमध्ये हलके लाकूड भरून केलेला. मुलीला हीच आवडली होती.

सारा प्रश्न त्या लाकडाचा होता. डोलकाठी दोन्ही बाजूंनी तारांनी ताणून धरलेली असते. त्या तारा लोखंडी पट्ट्यांना बांधतात आणि पट्ट्या डेकमधून खाली जातात. आत पाणी मुरून लाकूड कुजले, तर पट्टी ढिली होते. तपासनिसाने ओलावा मोजायच्या यंत्राने डेकवर जागोजागी आकडे घेतले होते. बहुतेक ठिकाणी तीन, पट्ट्यांपाशी बारा. त्यांचा अर्थ मला लागेना.

माझा मेहुणा कापसाचा व्यापारी. ओलावा मोजण्यात त्याचा जन्म गेला. मी कागद घेऊन बाजार समितीच्या आवारात गेलो तेव्हा तो एका ट्रॉलीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून उभा होता.

"बारा?" तो म्हणाला. "काऊन भेता, भाऊजी? बारा टक्क्यांपर्यंतचा माल चालते. तेराचा वापस करतो मी."

"बाकी ठिकाणी तीन आहे."

"तीन! तीनचा कापूस मी जन्मात पायला नाही. लईच कोरडी हाय पोरीची बोट."

त्या वाक्यापाशी मी थांबायला हवे होते. जो आकडा त्याने जन्मात पाहिला नव्हता, तो त्याच्या मापातला नसणार, हे उघड होते. मी घरी येऊन दुसऱ्या रकान्यात लिहिले: डेक कोरडा. एकाच माणसाच्या, तेही दुसऱ्या धंद्यातल्या माणसाच्या सांगण्यावर असे वाक्य मी कुणा बातमीदाराला छापू दिले नसते. मुलगी तो कागद घेऊन गेली.

आठवड्याने तिने हलकी बोट पाण्यात चालवून पाहायचे ठरवले. त्या सकाळी मी कागद आवरत होतो. तपासणी अहवालाच्या शेवटच्या पानावर, तळाला, बारीक अक्षरांत एक टीप होती. हे आकडे टक्के नाहीत. ते एकाच बोटीत एकमेकांशी ताडून पाहावेत. एखादी जागा इतरांपेक्षा पुष्कळ वर असेल, तर आत पाणी शिरल्याचा संशय धरावा.

तिनाच्या चौपट बारा. घड्याळात नऊ चाळीस झाले होते. ती नऊला निघणार होती.

तिचा फोन लागला नाही. यार्डात लावला. तिथल्या माणसाने आनंदाने सांगितले, "त्या कधीच गेल्या. वारा काय झकास सुटलाय, काका! आज मजा येणार त्यांना."

वारा शिडाला ओढणार होता, शीड डोलकाठीला, डोलकाठी तारांना, तारा पट्ट्यांना. पट्ट्यांच्या भोवती काय उरले होते ते कुणालाच ठाऊक नव्हते. डोलकाठी पडली तर कोणत्या बाजूला पडेल, आणि ती कुठे बसली असेल, याचे चित्र मी कागदावर काढले. मग फाडले. दर दहा मिनिटांनी फोन लावला.

मी कळवल्यावर मेहुणा वजनकाटा सोडून घरी आला. टीप वाचून खाली बसला.

"मी कापूसवाला माणूस, भाऊजी. तुमी तरी माझं काऊन ऐकलं?"

मी पुन्हा फोन लावला.

सव्वादोनला तिचा फोन आला. "बाबा, काय पळते ही! मी हीच घेणार."

मी मधे थांबलो नाही, चूकदुरुस्ती वाचतो तसे सांगून टाकले. डेक कोरडा असे मी लिहिले होते, ते चूक. मापही चूक, शहानिशा केली नाही. पट्ट्यांपाशी लाकडात पाणी असावे.

ती म्हणाली, "डाव्या पट्टीच्या मुळाशी तपकिरी पाणी येत होतं. मला वाटलं, लाटेचं असेल." तिचा आवाज बारीक झाला होता. थोड्या वेळाने सावरला. "बरं. मग त्या जाड बोटीच्या रकान्यात तिच्याविरुद्ध काय आहे? आता खरं सांगा."

मेहुणा माझ्याकडे बघत मान हलवत होता. पोरीला थांबवायला काहीतरी सांगा, काहीही सांगा, असे ते होते. एखादा दोष मला सहज लिहिता आला असता. तिने पुन्हा विश्वास ठेवला असता.

"मंद आहे," मी म्हणालो. "डोकं लागतं. बाकी काही नाही."

"म्हणजे घेऊ?"

"घे."

"आणि जाऊ?"

मी तिला विचारले, कोचीपर्यंत किती दिवस लागतील.