कायमचा पंच

उकंडराव वाशीमचे सरकारी वकील. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं त्यांना जन्मताच उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून परत उचललं, आणि नाव तेच पडलं. "घाणीची मले जल्मापासून सवय हाये, पन कचेरीतल्या घाणीची होत नाही," असं ते म्हणायचे. मी त्याच कचेरीत दिवाणी दावे चालवायचो. त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं.

खटल्याआधी अंगणातल्या कडुनिंबाखाली साक्षीदार पढवले जायचे. फौजदार पुढं बोलायचा, साक्षीदार पाढे म्हणावेत तसे मागून म्हणायचे. त्यात जगदेव कायमचा. कचेरीच्या दारात याचं पानाचं दुकान, आणि कुठंही झडती झाली की पंच म्हणून सही याची. खेड्यातले लोक पंच व्हायला भीत, म्हणून फौजदारानं हा घरचाच पाळला होता. झडती कुठंही होवो, हा पान लावता लावता सही ठोकायचा. त्याचे रंगलेले दात दिसले की मी तोंड फिरवायचो. उकंडराव त्याच्या हातचं पान कधी खात नसत. साक्ष मात्र घेत. पगार साक्षी घेण्याचाच होता ना!

सन छत्तीसच्या उन्हाळ्यात रूपला नावाच्या बंजाऱ्यावर बैलचोरीचा खटला उभा राहिला. अनसिंगजवळच्या तांड्यात त्याच्या झोपडीत चोरीच्या बैलाची घुंगुरमाळ पुरलेली सापडली, असा पंचनामा होता. बाकी पुरावा काही नाही. रूपलाला वकील नव्हता. त्याची बायको कमलीबाई दाराशी उकिडवी बसलेली. जगदेवच्या शब्दावर तिचा नवरा तुरुंगात जाणार, हे कचेरीतल्या शिपायालाही दिसत होतं.

जगदेव पिंजऱ्यात चढला, शपथ घेऊन घडाघडा बोलला. "व्हळीच्या आंधीच्या सोमवारी, भर दुपारी, मी सोता तांड्यात हजर होतो. माह्यासमोर माळ उकरली."

उकंडराव पुढचा प्रश्न विचारीनात. फौजदार खाकरला. मॅजिस्ट्रेटनं मान वर केली.

"जगदेव," उकंडराव म्हणाले, "त्या दुपारी तू ह्याच पिंजऱ्यात उभा होता. शेलूबाजारच्या घरफोडीत तुही साक्ष मीच घेत होतो."

जगदेव फौजदाराकडे बघू लागला. उकंडराव मॅजिस्ट्रेटकडे वळले. "हुजूर, सरकारचा साक्षीदार खोटा आहे. हा खटला मी चालवणार नाही."

मॅजिस्ट्रेटला आता तो दिवस आठवला. त्या दुपारची साक्ष त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतली होती, पण वकिलानं तोंड उघडेपर्यंत त्यांना काही आठवलं नव्हतं. रूपला सुटला.

बाहेर फौजदारानं उकंडरावांच्या जोड्याजवळ पिंक टाकली. आमचे वकीलबंधू कुजबुजू लागले, एका बंजाऱ्यापायी सरकारशी वाकडं कायले घ्यावं? त्या तोंडांची मला किळस आली. उकंडराव मात्र ताठ चालत होते. त्यांना मी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

कमलीबाई वाटेत आडवी आली. पाया पडेल असं वाटलं. ती उभीच राहिली.

"सायेब, हा पानवाला झूट बोलते, हे तुमाले आजच समजलं?"

उकंडराव थांबले.

"माह्या भावाच्या खटल्यातबी हाच होता. मोहनसिंग. तवाबी तुमीच इचारत होते, हाच सांगत होता. भाऊ जेलातच मेला."

ती नवऱ्याचा हात धरून निघून गेली. उकंडरावांना मोहनसिंग आठवत होता, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

महिन्याच्या आत त्यांनी सरकारी वकिली सोडली. पुढं गावात कोणी रूपलाची गोष्ट काढून त्यांना शाबासकी देऊ लागला, की ते त्याला मध्येच तोडत.

"मोहनसिंगची इचार," म्हणत. मग ती गोष्ट ते स्वतःच सांगत, आणि ऐकणाऱ्याला उठू देत नसत.