हुद्द्याप्रमाणे मन मोकळं करा

मानसशास्त्रात एम.ए. करून काय कमावलंस, असं आई विचारते. किस्से! माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांच्या मनाला आधार म्हणून नागपूरच्या जरीपटक्यात सहा बैठकांचा गट निघाला, तिथे मला मदतनीस नेमलं. सहा शुक्रवारांत एवढे जमले, की मैत्रिणी आता चहाआधी तेच मागतात.

*

गट चालवणारे मेजरसाहेब निवृत्त होते, पण फक्त कागदावर. मी खुर्च्या गोल मांडल्या. त्यांनी त्या रांगेत लावायला लावल्या. बोलायचंही हुद्द्याप्रमाणे: आधी सुभेदार, मग हवालदार, शेवटी शिपाई. सुभेदार दर वेळी आपल्या गुडघ्यांवर तासभर बोलत. शिपायाची पाळी येईतो वेळ संपे.

*

घरच्यांसाठी, म्हणजे बायकांसाठी, व्हरांड्यात सतरंजी. का, तर म्हणे बायकांसमोर जवान मोकळा होत नाही. आत तरी कुठे होत होता? बाहेर मात्र पहिल्याच दिवशी सगळं निघालं. कोणाचा नवरा फटाका वाजला की खाटेखाली शिरतो, कोणाचा पोराला मारून मग स्वतःच रडतो. मी तेच अहवालात लिहिलं. साहेबांनी अहवाल परत केला. विषयाबाहेर म्हणून!

*

एकदा पाहुणे आले, निवृत्त प्राचार्य. विषय, मनोबल. लढाई पाहिलेल्या माणसांना त्यांनी सांगितलं, "भीती हा मनाचा आळस आहे." फाटकातलं कुत्रं मी हाकलेपर्यंत हेच गृहस्थ रिक्षातून उतरले नव्हते.

*

शेवटचा शुक्रवार. शिपाई गणपत एकाहत्तरच्या लढाईवरून आल्यापासून घरात कोणाशी धड बोलला नव्हता. त्याची बायको सुमन त्या दिवशी ट्रंक घेऊनच आली. काय होतं ते एकदा तरी तोंडानं सांगा, नाहीतर इथूनच खाप्याला माहेरी जाते, असं तिनं त्याला ऐकवलं होतं. आत सुभेदारांचे गुडघे सुरू होते.

सुमननं खिडकीशी येऊन गणपतकडे बोट केलं. "साहेब, यायले आज आधी बोलू द्या. माह्या बसची वेळ झाली."

"बाई, इथे शिस्त आहे," मेजरसाहेब म्हणाले.

तिनं ट्रंक उचलली.

गणपत उठला. परवानगी न मागता बाहेर गेला आणि बायकांच्या सतरंजीवर बसला. "मले भेव लागते," तो तिला म्हणाला. "रोज. कोणी दार वाजवलं तरी."

सुमननं ट्रंक खाली ठेवली.

मग आतून सुभेदार आले. चपला काढून सतरंजीपाशी उभे राहिले आणि गणपतला म्हणाले, "सरक गा थोडा."