धुनीच्या विस्तवावर पाणी

अनुभव सांगणारा माणूस बहुतेक वेळा त्या अनुभवात स्वतः बरा असतो. आजारी असेल, अडचणीत असेल, पण माणूस म्हणून बरा. माझ्या अनुभवात मी बरा नाही, म्हणून इतकी वर्षं तो कुणाला सांगितला नाही. बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या आधीच्या फाल्गुनातली ही गोष्ट. प्रवरेच्या काठावर आमच्या वस्तीचं गुऱ्हाळ होतं, ते भरदुपारी जळालं. का जळालं ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक मी होतो. आळ मात्र दुसऱ्यावर आला, आणि तीन दिवस मी तोंड उघडलं नाही.

वस्ती म्हणजे चौदा-पंधरा घरं, सगळी शेतकऱ्यांची, बहुतेक एकाच भावकीतली. गुऱ्हाळ सगळ्यांच्या भागीत होतं. नदीच्या दरडीवर छप्पर, आत उसाचा चरक, तो फिरवणारं इंजिन, आणि मागे रस आटवायचं मोठं चुलाण. पलीकडच्या काठावरचा ऊससुद्धा पाणी कमी असलं की बैलगाड्यांनी नदी उतरून आमच्याकडे यायचा. कारखान्याकडे ज्यांच्या उसाची नोंद नव्हती, त्यांना दुसरा आधार नव्हता. पिळलेल्या उसाची चिपाडं वाळत घालायला बाया यायच्या, त्यांची चूल त्यावर चालायची. हंगामात आमच्याकडे उपाशी कुणी झोपत नसे, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आमची एक रीत होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी चुलाणात पडणारा विस्तव नाथांच्या धुनीतून आणायचा. नाथांचा मठ नदीकाठीच, गुऱ्हाळापासून शंभर पावलांवर. खापरात निखारे घ्यायचे आणि अनवाणी चालत आणायचे. हा मान आमच्या घराकडे होता, आज्याकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आलेला. रीतीला जोडून एक नियम होता: या विस्तवावर पाणी घालायचं नाही. चुलाणातून काढलेले निखारे दरडीखालच्या ओल्या वाळूत पसरायचे आणि आपोआप निवू द्यायचे. आगीच्या आधीच्या पावसाळ्यात नदीनं पात्र बदललं, प्रवाह आमच्या काठाला आला आणि वाळूचा पट्टा वाहून गेला. मग निखारे वरच, चिपाडाच्या गंजीच्या अलीकडे टाकू लागलो. नियम मी काटेकोर पाळत होतो. तो वाळूच्या भरवशावर केलेला नियम आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. देवभोळ्या माणसाला अक्कल गहाण टाकायची फार घाई असते.

भिकाच्या डोक्यात मात्र ते शिरलं होतं. भिका म्हणजे आमचा जळव्या, चुलाणात जाळ घालणारा. पाथर्डीकडचा कोरडवाहू माणूस. तो आणि त्याची बायको सखू चार हंगाम आमच्याकडे येत होती. जाळ किती आणि कधी घालायचा हे त्याला रसाच्या नुसत्या आवाजावरून कळायचं. निखाऱ्याची जागा बरी नाही, असं त्यानं मला दोनदा सांगून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा मी ते कानाआड केलं होतं. होळीच्या दोन दिवस आधी दुपारी वारा सुटला. भिका नदीवरून बादली भरून वर आला.

"आण्णा, वारं लई हाय. निखाऱ्यावर दोन बादल्या मारतो."

मी म्हणालो, "नाथाच्या इस्तवावर पानी? ठिव ती बादली खाली."

त्यानं ठेवली. मी जेवायला घरी गेलो. पहिला घास घेतला असेल नसेल, तोच बाहेर आरडाओरडा झाला.

चिपाडाची गंजी पेटायला वेळ लागत नाही. मी पोहोचलो तोवर छप्पर गेलं होतं आणि इंजिनाजवळचं डिझेल पेटलं होतं. नदी समोरच वाहत होती, पण दरड चढून आणलेली प्रत्येक बादली उशिराच पोहोचायची. गुळाच्या ढेपा वितळल्या आणि त्यांचा काळा पाक दरडीवरून ओघळत पाण्यात गेला. माणसं वाचली. तात्यांचा एक बैल दावं न सुटल्यानं भाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. तात्या म्हणजे माझे चुलते, वस्तीतले वडीलधारे. ते त्या बैलाच्या गळ्याला मिठी मारून रडले, ते मी पाहिलं आणि मान वळवली.

दुसऱ्या दिवसापासून आगीचा खरा हिशेब कळू लागला. तोडलेला ऊस गाड्यांवर तसाच पडून होता. तो चार-पाच दिवसांत आंबणार होता. उभ्या उसाचं काय, हे कुणी बोलेना. चिपाडाच्या बाया रोजच्या वेळेला आल्या, राखेकडे पाहून परत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं पुन्हा आल्या. जळक्या गुळाचा वास घराघरात भरला, अन्नाला येऊ लागला. एवढं नुकसान झालं म्हटल्यावर लोकांना कारण हवं असतं, आणि कारणाला तोंड असलं तर फार बरं पडतं. भिका बिडी ओढायचा, हे सगळ्यांनी पाहिलेलं. तात्यांनी चारचौघांत त्याला विचारलं. तो म्हणाला, "बिडी वढतो, पन चुलाणापाशी कधी न्हाई." एवढंच. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, नंतर पाहिलं नाही. मी तेव्हा धोतराचा काठ नीट करत होतो.

ठरलं असं की भिका आणि सखूनं धुळवडीला वस्ती सोडायची. शिवाय नदीकाठच्या सगळ्या गुऱ्हाळांना निरोप जाणार होता, की या माणसाला जाळाजवळ उभा करू नका. हे दुसरं पहिल्याहून वाईट होतं. भिकाच्या हातात तेवढी एकच विद्या होती. त्याच्या गावी जमीन असून नसल्यासारखी, आणि जळव्यावर एकदा आगीचा डाग पडला की त्याला कोण जवळ करणार? मला हे सगळं कळत होतं. कळूनही मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तीन पिढ्यांचा मान माझ्या हातून जाणार होता, तात्यांचा बैल माझ्या नावावर पडणार होता. तसं उघड म्हणायचं नसल्यानं मी मनाशी वेगळं म्हणत होतो. म्हणत होतो की नाथांचा कौल घेऊ, ते खूण देतील तसं करू. सकाळ-संध्याकाळ मठात पोथी घेऊन बसायचो. जे मला ठाऊक होतं तेच मी देवाला विचारत होतो.

बायकोला काही सांगितलं नव्हतं, पण बायकांपासून लपतं काय? दुसऱ्या दिवशी ती मठात ताट घेऊन आली आणि म्हणाली, "कालपासून एकच पान हाय म्होरं. नाथालाबी कटाळा आला आसंल." मी तिच्यावर डाफरलो. ती ताट ठेवून निघून गेली. होळी त्या वर्षी कुणाला पेटवाविशी वाटत नव्हती. रीत मोडू नये म्हणून पाच गोवऱ्यांची केली आणि बोंब न मारताच सगळे घरी गेले.

धुळवडीच्या सकाळी मढीच्या यात्रेला निघालेली एक दिंडी आमच्या मठाशी थांबली. येवल्याकडची माणसं होती. कानिफनाथांची काठी नदीत न्हाऊ घालायची, दोन घास खायचे आणि पुढे निघायचं, असा त्यांचा दरसालचा शिरस्ता. मी मठाच्या पायरीवर पोथी उघडून बसलो होतो. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं धुनीतले निखारे खापरावर मागून घेतले, माझ्यासमोरच तीन दगड मांडले आणि भाकरी भाजल्या. सगळ्यांचं खाणं झालं. मग ती नदीवर गेली, घागर भरून आली आणि सबंध घागर त्या चुलीवर ओतली.

मी जवळजवळ उठून उभा राहिलो. म्हणालो, "अवो मावशी, धुनीचा इस्तू हाय त्यो."

ती मान वर न करता म्हणाली, "म्हाईत हाय की. म्याच मागून आनलाय." काडीनं निखारे हलवून तिनं राहिलेलं पाणी त्यावर शिंपडलं. मग म्हणाली, "वारं सुटलंय. आमी चाललो, मागं राखनार कोन? नाथानं भाकर भाजायला दिला, कुनाचं घर भाजायला न्हाई दिला."

तिला आमच्या आगीचं ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. जळकं गुऱ्हाळ समोर दिसत होतं, पण तिनं तिकडे एकदाही पाहिलं नाही. ओली राख तिनं बोटावर घेतली, कपाळाला लावली, अंगारा म्हणून. मग माझ्याकडे हात केला. मी वाकलो आणि तिनं माझ्याही कपाळाला लावली. राख गार होती. तीन दिवस माझं डोकं तापलेलं होतं, हे मला त्या गारव्यानं कळलं. मी रडलो. चारचौघांत रडण्याची मला लाज वाटते, पण त्या वेळी वाटली नाही.

याला मी चमत्कार म्हणत नाही. वाऱ्याच्या दिवशी निघताना चूल विझवणारी बाई कुठल्याही शहाण्या घरात सापडेल. पुढं तीन वर्षं मी मढीला गेलो, येवल्याच्या माणसांत तिला शोधलं, ती दिसली नाही. म्हातारी बाई, गेलीही असेल. एवढंच सांगतो की मी नाथांपाशी खूण मागत बसलो होतो, आणि ज्या नियमामागे मी लपलो होतो तो तिनं माझ्या डोळ्यांसमोर एका घागरीत मोडला. नाथ तिथंच होते. धुनी जशीच्या तशी जळत होती.

भिका आणि सखू बोचकं बांधून दिंडीबरोबरच निघायच्या तयारीत होती. मी आधी त्यांच्याकडे गेलो नाही, तात्यांच्या ओट्यावर गेलो. तिथं वस्तीतले पुरुष बसले होते. पायऱ्या चढताना मला खरंच वाटलं की परत फिरावं. मी म्हणालो, "तात्या, बिडीनं न्हाई जळालं. भिका निखाऱ्यावर पानी घालत हुता. म्या त्याला आडावलं."

  तात्या इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला वाकून ऐकावं लागलं, "तीन दिस त्या मानसाच्या तोंडाकडं बघत कसा ऱ्हायलास रं?" त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते स्वतः उठले, भिकाकडे चालत गेले, आणि सत्तरीचा तो माणूस त्याच्यापुढं हात जोडून उभा राहिला. सखू तोंडाला पदर लावून रडू लागली. भिका नुसता म्हणाला, "ऊस आंबल. आधी चुलाण बांधाया पायजे."

त्यानं ते बांधलं. नदीची चिकणमाती, जुन्याच विटा, आणि धूर कुठून काढायचा याची त्याच्या डोक्यातली मापं. रस आटवायची काहील वाकडी झाली होती, ती पलीकडच्या गावच्या लोहारानं ठोकून दिली. चरकाला इंजिनाऐवजी बैल जुंपले. तोडलेल्या उसातला निम्मा वाचला, उभा ऊस जवळजवळ सगळा गाळला गेला. पावसाळा कोरडा गेला तेव्हा त्या गुळाच्या आधारावर वस्तीनं पहिले महिने काढले. भिका त्या दिवशी दिंडीबरोबर गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो. विस्तव आणायचा मान आमच्या घराकडून काढून घेतला, तो योग्यच झाला. माझा ऊस सगळ्यांच्या शेवटी लागला, पार वाळून गेला होता. काही दिवस लोक माझ्याशी कामापुरतंच बोलत. बायको मात्र त्या दिवसापासून पूर्वीसारखी बोलू लागली.

हंगाम संपता संपता एका दुपारी चुलाणापाशी भिका आणि मी दोघंच होतो. मी त्याला विचारलं, की त्या दिवशी तात्यांपुढं तू का बोलला नाहीस? तो चिपाडं आत सारत राहिला. 

मग म्हणाला, "गरिबाचं कोन खरं मानतंय आण्णा, ह्ये येक. आन् दुसरं, तुमी रोज नाथाम्होरं बसता. म्या नाथाला म्हनलं, ह्यो तुझा मानूस हाय, तूच बघ त्याच्याकडं."

दोन कारणांतलं कुठलं जड होतं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पहिल्याची लाज मला आजही वाटते. पण तीन दिवस मी देवापुढं बसून स्वतःला वाचवत होतो, आणि ज्याचं सगळं जाणार होतं तो माणूस मला देवाच्या हवाली करून बोचकं बांधत होता. शरण जाणं म्हणजे काय, ते मला पोथीतून कधी कळलं नव्हतं. आता वय झालं, पोथीची अक्षरं दिसत नाहीत. सकाळी नुसता हात जोडून बसतो. मागत काही नाही. ज्यानं माझ्यासाठी मागितलं त्या भिकाचं नाव आधी घेतो, मग नाथांचं.