गव्हाणीतली बाळंतीण

हिवाळ्याच्या पहाटे गोठ्याचं दार लोटलं की आतून जी ऊब अंगावर येते, तिला काय म्हणावं? सुगंध म्हणावा तर तो शेणामुताचा वास, दुर्गंध म्हणावा तर मन मानत नाही. बाहेर सातपुड्याकडून येणारा वारा कानाच्या पाळ्या कापत असतो, तुरीच्या शेंगांवर दव थिजलेलं असतं. आणि आत गाईच्या नाकपुड्यांतून निघणारा पांढरा उच्छ्वास, कडब्याचा गोडसर दर्प, रात्रभर रवंथ करणाऱ्या जनावरांच्या अंगची वाफ, असं सगळं एकवटून उभं असतं. जणू कुणी घोंगडं पसरून आपलीच वाट पाहत बसलं आहे! मी आपला उंबऱ्यात थोडा वेळ नुसता उभा राहतो. काम काही नसतं. वास घ्यायचा, बस.

शहरात वाढलेली माझी धाकटी सून तिथं नाकाला पदर लावते. एकदा मी तिला म्हटलं, "सूनबाई, प्रभूनं जगात आल्यावर पहिला श्वास घेतला तो ह्याच वासाचा, अत्तराचा नाही." तर ती म्हणते कशी, "मामाजी, त्याले दुसरीकडं जागा नव्हती भेटली. मले भेटली हाये." पण मनात प्रश्न राहून गेला, खरंच त्या गावात त्याला एकही दार कसं उघडलं नाही? तिसरीत मी शाळा सोडली (शाळा म्हणते तिनं मला सोडलं, तो वाद वेगळा), पण मांडीवर हात ठेवून जन्मभर प्रवचनं ऐकली, त्यामुळं मोठमोठे शब्द माझ्या घरी बिनभाड्याचे राहायला आले; आणि शब्दांच्या मागोमाग प्रश्नही आले. शब्द एका कोपऱ्यात गुमान बसतात. प्रश्न मात्र रात्रंदिवस घरभर हिंडतात.

नाताळात आमचं घर कसं भरून जायचं ते तुम्हाला सांगतो. महाराष्ट्र नुकताच झाला होता, एस.टी. वरवट बकालपर्यंत नेमानं येऊ लागली होती, आणि तिथून पुढं बैलगाडीनं माझे लेक, सुना, नातवंडं गावात यायची. गाडी वेशीत शिरायच्या आधी पोरांचा कालवा शिरायचा. मग दारात कामट्यांची चांदणी टांगायची, तिला लाल पतंगी कागद लावायचा, चिकटवायला कणकेची खळ शिजवायची आणि त्या खळीतली अर्धी पोरांनी खाऊन टाकायची. कारभारीण करंज्यांना बसली की सगळ्या सुना तिच्याभोवती रिंगण धरत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं दिवाळी उशिरा आली! आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. देव बदलला म्हणून करंजीची मुरड थोडीच बदलते?

मात्र त्या भरल्या घरात एक जागा रिकामी असायची, आणि ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असून कुणी नाव काढत नसे. गल्लीच्या पल्याड, आमच्या दारासमोरच, माझी थोरली बहीण राहायची, गोदाक्का. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पुढं मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती उंबऱ्याबाहेर उभी राहून एवढंच म्हणाली, "तुमच्या घरचं पाणी आता मले नाई चालत." 'तुमच्या'! तोवर मी तिचा 'बे' होतो, 'जेवला का बे' म्हणून हाक मारण्यातला. त्या दिवसापासून मी तिऱ्हाईत झालो, अहोजाहोचा मानकरी झालो. एकदा, फक्त एकदा, मी तिला नाताळाच्या जेवणाला बोलावलं. ती नाही म्हणाली. मीही त्याच मायचं दूध प्यालेला. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, ही खूणगाठ मी तिथल्या तिथं बांधली. माझं चुकलं असं मी तेव्हा मानलं नाही, आजही मानत नाही.

पण नवल पहा. अक्का गावची सुईण होती. माझी सगळी लेकरं तिच्याच हातांनी जगात आली. कळा सुरू झाल्याचं कळलं की ती बोलावण्याची वाट पाहत नसे. मधली गल्ली ओलांडून थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरे, घामाघूम होई, लेकराला पालथं घालून रडवी, न्हाऊ घाली, त्याच्या टाळूवर तेल जिरवी. आणि सगळं आटोपलं की सुपात शिध्याची ज्वारी घेऊन परत जाई. घसा कोरडा पडला असला तरी घोटभर पाणी न घेता! ज्या हातानं माझा वंश उचलला त्या हाताला माझा तांब्या विटाळ कसा? जन्माला सोवळं-ओवळं नाही, मग पाण्याच्या घोटाला का असावं? हे कोडं मला कोणत्याच प्रवचनात सुटलेलं सापडलं नाही.

आता एका नाताळाच्या आदल्या दिवसाकडं येतो. दुपार कलली होती. उपदेशक मास्तर आले होते. अंगणात सतरंजीवर पोरं बसवून ते जन्माची कथा सांगत होते. त्या वर्षी पोरांनी हट्टानं प्रभूच्या जन्माचा गोठा मांडला होता, आणि तोही खऱ्याखुऱ्या गोठ्यात! गाईला बाजूच्या खुंट्याला बांधून गव्हाण मोकळी केली, तीत कडबा अंथरला. मरीया म्हणजे माझ्या थोरल्या लेकाच्या करुणाची चिंध्यांची बाहुली. आणि बाळ? बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात हे पोरांनी गल्लीत पाहिलेलं. त्यांनी सरळ स्वयंपाकघरातला वरवंटा पळवला, माझ्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला, वर टोपडं चढवलं आणि दिला निजवून. तिकडं कारभारीण मसाला कशानं वाटू म्हणून घरभर शोधत होती.

मास्तरांची कथा रंगात आली. मेंढपाळ झाले, पूर्वेचे ज्ञानी झाले, त्यांनी आणलेल्या भेटी झाल्या. तेवढ्यात सात वर्षांची करुणा मधेच उठून म्हणाली, "मास्तर, मरीयाची सुईण कोण व्हती?"

मास्तर म्हणाले, "बाळा, ते लिहिलेलं नाही."

"काऊन नाई लिवलं?"

मास्तर भला माणूस. डोकं खाजवून म्हणाले, "लिहिणारे सगळे पुरुष होते ना गं."

सुना तोंडाला पदर लावून हसल्या. पण माझ्या काळजात तो प्रश्न काट्यासारखा रुतला. खरंच, कोण होती? योसेफ बिचारा सुतार. वाकस धरणारा हात, लाकडाची गाठ ओळखणारा. त्याला नाळेची गाठ काय ठाऊक? परका गाव, पहिलटकरीण बाई, रात्रीची वेळ. धर्मशाळेत जागा नव्हती हे मान्य. पण मी माझ्या आयुष्यात अनेक गावं पाहिली, मुक्कामाला नाही म्हणणारी दारं पाहिली, कळांच्या हाकेला बंद राहिलेलं दार मात्र एकही पाहिलं नाही. मग त्या गावातून कुणी म्हातारी उठली नसेल? हातात दिवा, कमरेला पदर खोचलेला, तोंडानं पुटपुटत, "कुठून येतात एकेक, ह्या दिवसांत बाईमाणसाले घेऊन हिंडून राह्यले!" मेंढपाळांच्याही आधी, ज्ञान्यांच्याही आधी, त्या बाळाचं तोंड तिनंच पाहिलं असेल ना?

मी असा तंद्रीत असताना करुणा कधी सटकली कळलं नाही. ती गेली थेट गल्लीपल्याड, आणि धापा टाकत म्हणाली, "आत्याआजी, आमच्या गोठ्यात बाळंतीण हाये, अन् सुईण कोणीच नाई!"

झालं! अक्का तवा चुलीवर तसाच टाकून धावली. एका हातात विळा, एका हातात दोरा आणि धुतलेलं फडकं. "कोणाची बाई हाये? वाटसरू हाये का? पाणी उतरलं का तिचं?" असं विचारत ती अंगणातून गोठ्यात घुसली. आम्ही सगळे मागोमाग. आणि तिच्यापुढं गव्हाणीत काय? वीतभर बाहुली आणि हातभर वरवंटा.

मला वाटलं, गेलं! आता हिला वाटणार की आम्ही तिच्या विद्येची थट्टा मांडली. आता ती जी पाठ फिरवील ती कायमची, उद्या माझ्या सुनांच्या कळांनाही येणार नाही. मला बोलायचं होतं, पण माझी ती जुनी गाठ जिभेत अडकली. अक्का वाकली, टोपडं वर करून वरवंट्याकडं निरखून पाहिलं, मग बाहुलीकडं पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अव माय! एवढुशी माय अन् एवढं धोंड लेकरू! बाई वाचली कशी?"

गोठा हसण्यानं दणाणला. गाईनंसुद्धा कान हलवले. पण अक्का हसली नाही. ती कामाला लागली होती.

"अन् हे काय? पह्यल्याच दिवशी बाळंतिणीले बसती ठेवली? निजवा तिले. ह्या भोकातून वारं येऊन राह्यलं, पोतं लावा तिथं. शेगडी कुठं हाये? ओव्याची धुरी कोण देईन, तुमचे ते मेंढरंवाले?" पोरं धावली. माझे शहरात नोकरी करणारे लेक पोती घेऊन आले. क्षणात निखारे आले, ओवा पडला, आणि त्या कडवट उग्र धुरात तो खेळ कुणालाच खेळ वाटेना. शेवटी बाहेरची बाधा होऊ नये म्हणून अक्कानं हातातला विळा बाहुलीच्या उशाखाली सरकवला. तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, "अक्काबाई, विळ्याची इथं गरज नाही. देवाचं बाळ आहे हे."

अक्कानं वळून पाहिलं. "लेकरू देवाचं असन मास्तर. बाळंतीण तं माणसाची लेक हाये ना?"

मी जन्मभर प्रवचनं ऐकली, पण सांगतो, असं एका वाक्याचं प्रवचन दुसरं ऐकलं नाही. विळा उशाशीच राहिला.

"खायाले काय देऊन राह्यले तिले?" अक्काची चौकशी संपली नव्हती. करुणानं ताटातली करंजी पुढं केली. "ओल्या बाळंतिणीले करंजी? काय मारता का तिले?" असं म्हणत अक्का तरातरा निघाली, ओसरी ओलांडली, माजघर ओलांडलं, आणि आजवर जिथं तिनं पाऊल टाकलं नव्हतं त्या स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढं बसली. माझी कारभारीण शहाणी. तिनं तुपाचं भांडं, कणीक, सुंठ पुढं सरकवली आणि स्वतः बाजूला झाली. अक्कानं कणीक तुपावर भाजली, आमच्या हंड्यातलं पाणी तांब्यानं घेतलं, ओतलं. चुर्र झालं. सुंठ पडली, गुळाचा खडा पडला. दारात सगळं घर गोळा झालेलं, आणि सगळ्या घराचा श्वास त्या कढईवर टांगलेला.

अक्कानं उलथन्याच्या टोकावर चिमूटभर शिरा घेतला, फुंकर मारली, डाव्या तळव्यावर उतरवला आणि तोंडात टाकला.

करुणा काही ओरडणार तोच कारभारणीनं तिचं तोंड दाबलं. अक्का सावकाश चघळत होती, डोळे बारीक करून, चव पारखणारी माणसं करतात तसे. तिला भान नव्हतं का? की होतं, आणि इतकी वर्षं तीही माझ्यासारखीच एखाद्या निमित्ताची वाट पाहत होती? मी पुष्कळदा विचार केला. विचारायची हिंमत मात्र झाली नाही. काही गोष्टी विचारल्या की मोडतात.

तिनं घास गिळला. मागं न वळता, मी कुठं उभा आहे हे नेमकं माहीत असल्यासारखी म्हणाली, "गूळ कमी हाये बे."

मी ह्या घरचा कर्ता पुरुष. चार माणसांत बसल्या जागी पाणी मागणारा. स्वयंपाकघरातली कोणती वस्तू कुठं असते ते मला ठाऊक नव्हतं, ठाऊक करून घ्यायची गरजही कधी वाटली नव्हती. पण सुना पुढं सरसावल्या तेव्हा मी त्यांना हातानं मागं सारलं आणि स्वतः उतरंडीकडं गेलो. एका मडक्यात मीठ निघालं, एकात डाळ, एकात हात घातला तर चिंच. मागून पोरं खिदळत होती, "आबाजीले गूळच सापडत नाई!" डोळ्यांपुढं सगळं धूसर झालेलं, धुरानंच म्हणा. मी मडक्यामागून मडकं चाचपत राहिलो, आणि अक्का चुलीपुढून म्हणत होती, "अरे, शिरा करपून राह्यला ना, आण लवकर!"

आजही हिवाळ्यात गोठ्याच्या उंबऱ्यात उभा राहिलो की तो प्रश्न मनात येतो, आणि आता त्याला एक शेपूटही फुटलं आहे. त्या परक्या गावातली ती म्हातारी, जिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, सगळं आटोपल्यावर, बाळ निजल्यावर, हात धुऊन तशीच निघून गेली असेल का? की योसेफानं तिला थांबवलं असेल, घासभर काहीतरी पुढं केलं असेल, आणि तिनं ते तिथंच, त्या वासात, गाईच्या शेजारी बसून खाल्लं असेल? खाल्लं असावं. मला तरी वाटतं, खाल्लं असावं.